पुलापलीकडचं आम्ही बघत नाही

"हँडब्रेक?" मी विचारले.

"लावला."

"गिअर?"

"न्यूट्रल. आता उतरू, का तोंडी परीक्षा पण आहे?"

गाडी ट्रकांच्या वजनकाट्याच्या भिंतीलगत उभी होती. बायकोने इंजीन बंद केले, किल्ली तशीच ठेवली आणि ती उतरली. दाराला धरून थोडी उभी राहिली. मग बॉनेटवर तळहात टेकत, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आली. मी मागून वळसा घालून तिच्या जागी बसलो. सीट मागे सरकवली, आरसा माझ्या उंचीला आणला. आठ वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

समोर पूल होता. पुलाच्या मधोमध लोखंडी कमान. कमानीच्या अलीकडे आमचे राज्य, पलीकडे दुसरे. अलीकडे माझे लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित होते. पलीकडे ते चालते अशी माझी समजूत होती. म्हणून घरापासून पुलापर्यंतचे बावीस किलोमीटर ती चालवायची आणि पुढचे, इस्पितळापर्यंतचे चौदा मी. परत येताना उलटे.

"इथून कमानीपर्यंतची दोनशे पावलं कुणाच्या लायसनवर?" तिने विचारले.

"कमानीखाली थांबायला मनाई आहे."

"म्हणजे एक नियम पाळायला दुसरा मोडायचा. आमच्या ऑफिसात याला मार्ग काढणं म्हणायचे."

ती पट्टा लावताना दोन ठिकाणी थांबली. मानेजवळ कातडी काळी पडली होती, पट्टा तिथे घासायचा. तिने पट्ट्याखाली रुमालाची घडी ठेवली आणि डोळे मिटले. मी गाडी सुरू केली.

बायकोच्या अन्ननलिकेत गाठ होती. आमच्या गावात यंत्र नव्हते. पुलापलीकडच्या शहरात होते. किरणांचा उपचार, तिथे सगळे त्याला 'लाईट' म्हणायचे. तीस लाईट घ्यायचे होते, आठवड्याचे पाच दिवस, रोज सकाळी नऊ चाळीसला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून सांगितले होते, "खंड पडता कामा नये. एक दिवस गेला की आधीच्या दिवसांचं काम थोडं वाया जातं. पेशंटला आणायचं काम तुमचं. बाकी आमचं."

काम माझे होते आणि ते मला येत होते. सत्तावीस वर्षे मी गाडी चालवायला शिकवत होतो. माझी एकच शिकवणीची गाडी, तिला माझ्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच. गावातले निम्मे लोक माझ्या शेजारी बसून शिकले. मला सगळे मास्तर म्हणायचे. भाजीवालासुद्धा. माझ्या शाळेत पहिल्या दिवसाचा पहिला नियम असा होता की फोन बंद करून डिकीत टाकायचा. मगच किल्लीला हात लावायचा.

आणि माझे लायसन फोनपायीच गेले. गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. प्रयोगशाळेतून फोन येणार होता. मी एकटाच गाडीत होतो, बाजारातल्या चौकात, आणि फोन वाजला. मी उचलला. पलीकडची मुलगी म्हणाली, "रिपोर्ट तयार आहे, डॉक्टरांना भेटून घ्या." मी विचारत राहिलो की चांगला आहे का वाईट तेवढं सांगा. ती म्हणत राहिली की आम्हांला सांगता येत नाही. त्या बोलण्यात मी लाल दिवा ओलांडला. चौकातला शिपाई माझ्या ओळखीचा नव्हता, साहेब नवीन होता. मी साहेबाला कारण सांगितले. तो म्हणाला, "मास्तर, कारण प्रत्येकाकडे असतं." ते खरेच होते. मीही विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो होतो. लायसन जमा झाले, हातात पावती आली, तीन महिने. शाळेवर मी पाटी लावली: गाडी दुरुस्तीसाठी बंद. गाडीला काहीही झाले नव्हते.

ही गोष्ट बायको आणि मेव्हण्याखेरीज कोणालाही सांगितली नाही.

पहिले चार लाईट आम्ही बसने घेतले. आमची बस पुलाशी संपते. पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडे त्यांची बस धरायची. पाचव्या दिवशी ती पुलाच्या कडेला खाली बसली. लोक वळून बघत होते. ती म्हणाली, "अहो, दोन मिनिटं," आणि वीस मिनिटे उठू शकली नाही. त्या दिवशी यंत्रावरच्या माणसाने आम्हांला शेवटी घेतले, पण बजावले की उद्या चालणार नाही. पुढचे तीन दिवस मेव्हण्याने नेले. तिसऱ्या दिवशी त्याची रजा संपली. आमच्याकडच्या टॅक्सीला पुलापलीकडे परवाना नाही, त्यांच्या टॅक्सीला इकडे नाही, म्हणजे चालणे आलेच.

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, गावात तुमचे एवढे विद्यार्थी आहेत. एकाला सांगा ना."

"काय सांगू? माझं लायसन गेलंय म्हणून?"

त्याच दुपारी मी लायसनच्या कार्यालयात गेलो. तिसऱ्या खिडकीतला कारकून माझाच विद्यार्थी. चढावर गाडी मागे जाते म्हणून तीनदा नापास झालेला, चौथ्या वेळी मीच त्याला पहाटे चढावर नेऊन पास केला होता. मला बघून तो उभा राहिला. मी आजूबाजूला कोणी नाही असे बघून हळूच विचारले, "हे निलंबन पुलापलीकडे लागू होतं का?"

त्याने पेनाचे टोपण लावले, काढले, परत लावले. मग म्हणाला, "मास्तर, पुलापलीकडचं आम्ही बघत नाही."

"म्हणजे तिकडे चालतं?"

"आमचं काम या हद्दीतलं. पलीकडचं आम्ही बघत नाही. वहिनी कशा आहेत?"

मी घरी आलो. ती ओट्यापाशी स्टुलावर बसून दुधात पोळीचा चुरा करत होती. आता तेवढेच गिळता यायचे.

"पलीकडे चालतं म्हणाला," मी सांगितले.

"चालतं म्हणाला?"

"हो."

"हाच शब्द?"

"आम्ही बघत नाही म्हणाला. एकच झालं."

तिने माझ्याकडे पाहिले. चमचा वाटीत फिरवत राहिली. पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीत तिने बावीस वर्षे काढली होती. दिवसाला दीडशे माणसे तिच्याशी भांडून जायची आणि ती संध्याकाळी घरी येऊन मला त्यांचे आवाज काढून दाखवायची. ती म्हणाली, "मग अलीकडचं कोण बघणार?"

मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"माझ्याकडे लायसन आहे," ती म्हणाली.

होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी तिला चौदा दिवस शिकवले होते. परक्या माणसावर मी कधी आवाज चढवला नाही, सगळे शाळेत माझ्या शांतपणाचे कौतुक करायचे. तिच्यावर मात्र इतका ओरडलो की एकदा रस्त्याकडेचा चांभार उठून गाडीपाशी आला आणि म्हणाला, "ताई, उतरा तुम्ही." ती पहिल्याच परीक्षेत पास झाली. लायसन आणून कपाटात कागदांच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "झालं. आता मी चालत जाईन." बावीस वर्षे ती ऑफिसला चालत गेली. लायसनची मुदत संपली तेव्हा मला न सांगता जाऊन वाढवून आणली. मी विचारले तर म्हणाली, "कागद मुदतीत असावा."

"तुला झेपणार नाही," मी म्हणालो.

"बसून तर राहायचंय. बसमध्येही बसतेच. इथे निदान खिडकी माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती चालकाच्या जागी बसली. मी शेजारी, शिकवतानाच्या माझ्या नेहमीच्या बाजूला, पण आता ती बाजू मला आपली वाटेना. तिला पाठीमागे उशी दिली, खाली एक. पहिल्या वळणावर गाडी बंद पडली. तोंडातून शब्द निघणार होता, तो मी दातांखाली धरला.

"बोला," ती म्हणाली. "नाही बोललात तर वाफ कुठून जाणार?"

"क्लच सावकाश सोड."

"असं बोलता येत होतं तर."

तिसऱ्या दिवसापासून ती चांगली चालवायला लागली. मी माझ्या ब्रेकवर पाय अधांतरी धरून बसायचो. बावीस किलोमीटरभर पाय अधांतरी ठेवला की पोटरीला गोळा येतो. ती न बघता म्हणायची, "पाय खाली ठेवा, मला दिसतोय." वाटेत बाजार, मग माझी शाळा, मग पेठ. लोक बघायचे. शाळेशेजारच्या स्टेशनरीवाल्या बाईंनी एकदा गाडी थांबवून आत डोकावून म्हटले, "अगंबाई, मास्तरांनी शेवटी शिकवलं वाटतं तुला. बरं केलंत हो, मास्तर. आजारपणात मन रमतं."

मी हसलो. "हो, म्हटलं शिकवावं," असे म्हणालो. बायकोने आरशात बघून उजवीकडचा इशारा दिला आणि गाडी काढली. पेठ मागे पडली. मग म्हणाली, "मन रमतंय हो माझं. खोटं नाही ते."

परतीचा प्रवास वाईट असायचा. लाईट घेऊन ती बाहेर आली की ओठ पांढरे असायचे. पुलापर्यंत मी आणायचो. वजनकाट्याच्या ओट्यावर ती अर्धा तास आडवी व्हायची. तिथला वजन करणारा माणूस आमच्यासाठी ओट्यावर पोते अंथरून ठेवायला लागला होता. त्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारले, "तुम्हांला येत नाही का चालवायला?"

"येतं."

"मग?"

मी त्याला सांगू शकलो नाही. तो मला त्यानंतर सकाळी बघून मान वळवायचा. ती मात्र उठली की त्याला हात करायची.

असे अठरा झाले. एकोणिसाव्या दिवशी पुलापलीकडे, कमानीपासून कोसभरावर, नाकाबंदी होती. एका हवालदाराने हात दाखवला. मी काच खाली केली. मनात काही भीती नव्हती, हे खरे सांगतो. मी लायसनची झेरॉक्स दिली. त्याने यंत्रात नंबर घातला, यंत्र उन्हात तिरके धरून वाचले आणि माझ्याकडे बघितले.

"काका, हे निलंबित आहे."

"ते पुलाअलीकडे," मी म्हणालो. "म्हणजे तुमच्या दृष्टीने पलीकडे. आमच्या राज्यात."

"लायसन एकच असतं ना, काका?"

"हो, पण आदेश तिकडचा आहे. मी कार्यालयात विचारून घेतलंय."

"राज्यं दोन असली म्हणून माणसं दोन होतात का? तिकडे चालवायला बंदी, म्हणजे इकडे पण बंदी. सगळीकडे एकच. तुमचं वय काय, धंदा काय?"

धंदा मी सांगितला नाही. पण ते गाडीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले होते. त्याने ते वाचले आणि वाचल्यावर हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

"साहेब, नऊ चाळीसला लाईट आहे हिचा," मी म्हणालो. "एकोणिसावा. खंड पडला तर उपयोग नाही. मला इस्पितळात जाऊ द्या. परत येताना गाडी घ्या, मला आत टाका, काय करायचं ते करा. आत्ता जाऊ द्या." मी गाडीतून उतरलो होतो आणि त्याची बाही धरली होती, हे मला नंतर कळले. त्याने ती सोडवून घेतली नाही.

"मी जाऊ दिलं तरी पुढे चौकात दुसरे आहेत. ते गाडीच ठेवून घेतील." तो वाकून आत बघू लागला. "काकूंकडे लायसन आहे?"

"आहे," बायको आतून म्हणाली. "मुदतीत आहे."

हवालदार सरळ झाला. त्याने एकदा तिच्या मानेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाला, "मग त्यांना चालवावी लागेल. नाहीतर मला काही करता येत नाही, काका. खरंच येत नाही."

तिने कधीही त्या शहरात गाडी चालवली नव्हती. पुढे मोठे वर्तुळ होते, पाच रस्ते मिळणारे, जिथे माझे शिकवून तयार झालेले विद्यार्थीसुद्धा घाम पुसायचे. नऊ वाजून सात मिनिटे झाली होती. ती उतरून पुढून फिरून आली. हवालदाराने तिच्यासाठी दार धरले. मी मागून फिरून माझ्या जागी बसलो.

"सांगा," ती म्हणाली. "ओरडून सांगितलं तरी चालेल."

मी ओरडलो नाही. एवढेच सांगत होतो, सरळ, डावीकडून मोटारसायकल येतेय, तिला जाऊ दे, आता दुसरा गिअर. वर्तुळापाशी ती थांबली. मागून हॉर्न वाजायला लागले. एका ट्रकवाल्याने खिडकीतून आईबहीण काढली. घशातून घरघर येत होती. मी माझ्या ब्रेकवर पाय ठेवला आणि म्हणालो, "कोणाकडे बघू नकोस. फक्त उजवीकडून मोकळं झालं की निघ. तुला वाटेल तेव्हा. आपल्याला घाई नाही."

"आहे की घाई," ती म्हणाली आणि निघाली.

आम्ही नऊ सदतीसला पोचलो. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेले. मी पायऱ्यांवर बसलो. तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा हिशोब लागला. गुन्हा जर पुलाच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता, तर मी रोज चौदा किलोमीटर तो करत होतो. मग बावीस किलोमीटर अजून केला असता तर काय वेगळे झाले असते? पकडले गेलो असतो तर तेवढेच. आणि तिला एकही किलोमीटर चालवावे लागले नसते.

ती बाहेर आली तेव्हा मी तिला हे सांगितले. प्रतीक्षागृहात आमच्यासमोर एक म्हातारा पाण्याची बाटली मांडीत धरून झोपला होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारले.

"काय?"

"की तिकडेही चालत नाही."

तिने पदराने ओठ पुसले. आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता, ऐकायला जवळ जावे लागे. "मी बावीस वर्षं खिडकीत बसले. 'ते आम्ही बघत नाही' हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणायचे. त्याचा अर्थ हो नसतो आणि नाहीही नसतो. त्याचा अर्थ, मला विचारू नका."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही इकडेही चालवली नसती. तुम्हांला कायदा एकदा कळला की तुम्ही हलत नाही. मग बस. मला बसने जमत नव्हतं."

"मी गावातही चालवली असती."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे बघतात तसे. "नाही हो," ती म्हणाली. "इकडे कोणी ओळखत नाही तुम्हांला. गावात सगळे मास्तर म्हणतात."

मी समोरच्या म्हाताऱ्याच्या मांडीतून घसरू लागलेली बाटली सरळ केली.

मग तीच म्हणाली, "त्या वर्तुळातून नीट गेले ना मी?"

"नीट गेलीस. इशारा द्यायला विसरलीस बाहेर पडताना."

"बघा. सांगितल्याशिवाय राहवत नाही."

त्यानंतरचे दिवस सगळा रस्ता तिनेच चालवला. दोन दिवस मेव्हण्याने खोटी रजा काढली. बाकीचे तिने. मी रोज म्हणायचो, आज मी चालवतो, गावातूनच. ती म्हणायची, आज नको, आज बरं वाटतंय. वाटत नव्हते. सव्विसाव्या दिवशी सकाळी बाजाराच्या चौकात, लाल दिव्याच्या थोडे पुढे, तिने डावीकडे इशारा दिला, आरशात बघितले, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला, गिअर न्यूट्रल केला. सगळे बरोबर केले. मग चाकावर कपाळ टेकले.

"आता नाही होत," ती म्हणाली.

समोर माझी शाळा होती. पाटी तशीच लटकत होती. स्टेशनरीवाल्या बाई दुकान उघडत होत्या. चौकातला शिपाई, तोच, ज्याने मला पकडले होते, तोंडात शिट्टी घेऊन उभा होता. मी उतरलो, तिला मागच्या सीटवर आडवे केले आणि चालकाच्या जागी बसलो. बाईंनी हात केला. शिपायाने माझ्याकडे पाहिले. मीही त्याच्याकडे पाहिले आणि गाडी काढली.

त्याने शिट्टी वाजवली नाही. का नाही वाजवली, मला माहीत नाही. मी त्याला कधी विचारले नाही.

गावातून, पेठेतून, हमरस्त्याने मी तिला नेले. कोणी अडवले असते तर थांबलो नसतो. एवढे मला त्या दिवशी कळले होते, आणि ते अठरा दिवस आधी कळायला हवे होते. वजनकाटा आला तशी सवयीने माझी गाडी हळू झाली. मागून तिचा आवाज आला. मी आरशात पाहिले. ती काहीतरी म्हणत होती, ओठ हलत होते. मला वाटते ती म्हणाली, चला. मी पूल ओलांडला.

सव्विसावा लाईट तिला मिळाला नाही. डॉक्टरीणबाईंनी बघून तिला भरती करून घेतले. "आता आपण थांबू," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, खंड पडेल. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा जरा." मी अकरा दिवस तिथेच होतो. अकराव्या दिवशी दुपारी, नर्स चादर बदलायला आली तेव्हा, ती गेली. शेवटचे मी तिच्याशी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक पाणी हवे का असेच काही.

गाडी मेव्हण्याने परत आणली. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पूर्ण रस्ता त्याने फार चांगली चालवली. मी काही बोललो नाही.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी मी लायसनच्या कार्यालयात गेलो. तिसऱ्या खिडकीत तोच कारकून होता. तो उभा राहिला. पावती घेतली, कपाटातून पाकीट काढले, माझी सही घेतली. लायसन माझ्यापुढे सरकवले तरी हात त्यावरून काढला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही तेव्हा विचारलं होतं. मी चालतं असं म्हणालो नव्हतो."

"नव्हतास."

"मला वाटलं, साफ नाही कसं म्हणू. तुमच्या तोंडावर. नंतर मेव्हण्यांकडून कळलं की वहिनी..." त्याचे डोळे भरले. मागच्या रांगेत माणसे होती.

"तू काही चुकीचं बोलला नाहीस," मी म्हणालो. "मी नीट ऐकलं नाही."

मग मी पिशवीतून तिचे लायसन काढले आणि सोबतचा कागद. मेव्हणा म्हणाला होता की जमा करावे लागत नाही, घरी राहिले तरी चालते. पण त्या लायसनची आणखी आठ वर्षे मुदत होती. मला ते कपाटात बघवत नव्हते, आणि कपाटाबाहेर कुठे ठेवायचे ते कळत नव्हते. त्याने लायसन उलटसुलट करून पाहिले. फोटोत ती छत्तीस-सदतीसची असेल, कपाळावर आठ्या. फोटो काढणाऱ्याने हसू नका म्हटले होते म्हणून ती त्याच्यावर चिडली होती.

"दाखला आणलाय?" त्याने विचारले.

"आणलाय. पण तो पलीकडचा आहे. तिकडच्या नगरपालिकेचा." मी कागद त्याच्यापुढे उलगडला. हाताने दाबून सरळ केला. "इथे चालतो का हा?"

त्याने या वेळी पेनाला हात लावला नाही.

"चालतो, मास्तर," तो म्हणाला. "हा सगळीकडे चालतो."

त्याने शिक्का मारला, एक प्रत ठेवून घेतली, एक मला दिली. मी ती घडी घालून माझ्या लायसनबरोबर वरच्या खिशात ठेवली आणि बाहेर आलो. येताना मी चालत आलो होतो, कारण लायसन हातात नव्हते. आता ते होते. पण गाडी घरी होती, म्हणून परतही चालतच निघालो.